हातोदहून आलेली कादंबरी

चिटणीस सरांच्या हातात पत्र पडलं की ते लगेच वाचत नसत. आधी पाकिटाची पाठ बघायची, डिंक नीट लावलाय की घाईत थुंकी लावून चिकटवलंय ते. मग घडी. मग शाई शेवटपर्यंत एकच आहे की मध्येच बदललीय. मजकूर सगळ्यात शेवटी. "मजकूर काय, कुणीही लिहितं," म्हणायचे. "मजकुरात माणूस लपतो, कागदावर उघडा पडतो." आम्ही मास्तर लोक हसायचो. मीही हसले आहे, आणि ते हसणं आठवलं की आज माझी मलाच लाज वाटते.

इंदुरात रामबागेजवळ आमची मराठी शाळा होती. मध्यभारत राज्याची ती वर्षं. राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला. दिवाळी झाली की सरकारी दप्तरं पेट्यांत भरून कारकुनांसकट ग्वाल्हेरला जायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायची. मी गणित शिकवायला नवीनच लागले होते. चिटणीस सर मराठी शिकवत. उंच, पाठीत जरा वाकलेले, डोक्याला काळी टोपी, कोटाच्या खिशाला दोन पेनं. एक निळ्या शाईचं, एक लाल शाईचं. निळं क्वचितच बाहेर निघे.

त्या लाल पेनानं त्यांनी काय काय दुरुस्त केलं नाही! हेडमास्तरांची नोटीस भिंतीवर चिकटवलेली असताना स्टुलावर चढून दुरुस्त केली. आमचा शिपाई मांगीलाल रजेचा अर्ज हिंदीत लिहून आणायचा, तोही सुटला नाही. "सरजी, छुट्टी तो दिला दो, गलतियां बाद में निकाल लेना," असं तो बिचारा हात जोडून म्हणायचा. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका मी त्यांना आदरानं नेऊन दिली, तर दुसऱ्या दिवशी तीन लाल खुणांसह परत आली. खाली शेरा होता, "आशय चांगला. येतो." आणि आले, आहेर घेऊन, सगळ्यांच्या आधी.

तऱ्हेवाईक होते, पण कोरडे नव्हते. बेटम्याला माझे काका वारले तेव्हा मी मास्तरांच्या खोलीत बसून नातेवाइकांना कार्डं लिहीत होते. डोळ्यांतलं पाणी पुसत, सवयीनं प्रत्येक कार्डावर आधी श्री काढत होते. सर मागून आले आणि त्यांनी माझा हातच धरला.

"मास्तरीणबाई, थांबा. अशुभाच्या पत्रावर श्री नसतं. तुम्हाला घरी कुणी सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. आमच्या घरी ती कार्डं नेहमी वडीलच लिहीत. सर शेजारी बसले आणि समजावून सांगू लागले. बिनश्रीचं पत्र दिसलं की घरातली बाई आधी चुलीवरचं खाली उतरवते, मगच वाचायला घेते. आपल्या माळव्यात कार्डाचा कोपराही फाडतात, म्हणजे अक्षर न येणाऱ्यालासुद्धा लांबून कळावं. आणि असं पत्र वाचून झालं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. "ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळलं पाहिजे, असं पत्र जगात हे एकच," ते म्हणाले. मग निळं पेन काढून त्यांनी उरलेली सगळी कार्डं माझ्याबरोबर लिहिली.

चिटणीस हे त्यांचं आडनाव उगाच नव्हतं. संस्थानी अमलात त्यांचे पूर्वज दरबारची पत्रं लिहीत. "सात पिढ्या आम्ही दुसऱ्यांची पत्रं लिहिली," सर म्हणायचे, "आठवी स्वतःची लिहील." म्हणजे कादंबरी. फक्त पत्रांची कादंबरी. तिच्याबद्दल बोलायला लागले की चहा निवून जायचा. त्यांचं म्हणणं असं, की हल्लीच्या कादंबऱ्यांत लेखक नको असलेल्या पाहुण्यासारखा प्रत्येक खोलीत घुसतो, कुणाच्या मनात काय आहे ते सांगत सुटतो. पत्रांच्या कादंबरीत त्याला उंबरठ्याच्या आत येता येत नाही. तो नुसता पोस्टमन. पाकीट द्यायचं आणि निघायचं. "आणि खरी गोष्ट पत्रात नसतेच हो," ते टेबलावर बोट आपटून सांगत. "दोन पत्रांच्या मधले जे आठ दिवस कुणी लिहून ठेवत नाही, तिथं असते. ते आठ दिवस वाचकाला वाचता आले पाहिजेत." आमचे शास्त्राचे जोशी मास्तर विचारायचे, "पण सर, हा प्रकार जुना झाला ना?" त्यावर सर उसळायचे. "जुना कसा? आत्ताच तर त्याचे दिवस आलेत. नवरा ग्वाल्हेरला, बायको खेड्यात, बाप इंदुरात. आजकाल संसार चालून राहिलेत ते पोस्टावर!"

पुढे हेच त्यांच्या स्वतःच्या घराचं वर्णन ठरलं. सरांना एकच मुलगी, शालू. आई ती पाच वर्षांची असताना गेली, तेव्हापासून सरांनीच तिला वाढवलं. वेणी घालण्यापासून सगळं. तिचं अक्षर इतकं सुंदर की शाळेची प्रमाणपत्रं तिच्याकडून लिहून घेत. कादंबरीची नायिका होती उमा, सासरहून बापाला पत्रं लिहिणारी. सरांचा हट्ट असा, की बाईचं पत्र पुरुषाच्या अक्षरात खोटं बोलतं. म्हणून सर मजकूर सांगत आणि शालू लिहून काढी. बापाची उत्तरं कादंबरीत घालायचीच नाहीत असं ठरलं होतं. ती वाचकानं उमाच्या पत्रांवरून ओळखायची. बापलेक संध्याकाळी ओटीवर कागद घेऊन बसलेले मी कितीदा पाहिलेत. त्यांच्याकडे बघून हेवा वाटायचा.

मग शालूचं लग्न झालं. स्थळ हातोदचं. जावई राज्याच्या दप्तरात कारकून, सहा महिने ग्वाल्हेरला जाणारा. व्याही अमिनाच्या कचेरीतून, म्हणजे जुन्या तहसिलीतून, हेडक्लार्क म्हणून पेन्शनीत निघालेले. पण गावात त्यांनाच सगळे अमीनसाहेब म्हणत आणि तेही नाही म्हणत नसत. घर खातंपितं, मुलगा सरकारी नोकरीत. हातोद काही काशी नव्हे, मोटारीनं तासाभराचा रस्ता. सर खुशीत होते.

कादंबरी थांबली नाही. उलट सरांना वाटलं, आता तर खरी गंमत. ते सोमवारी कच्चा मजकूर हातोदला धाडायचे. शालू तो आपल्या अक्षरात उतरवून पोस्टात टाकायची. हातोदच्या शिक्क्यानिशी उमाचं पत्र शनिवारी सकाळी इंदुरात हजर. त्याच पाकिटात शालूचं स्वतःचं एक चिटोरं असे. "येथील सर्व मंडळी खुशाल. आपली प्रकृती जपावी." शनिवारी अर्धी शाळा. ती सुटली की मास्तरांच्या खोलीत चहा आणि शेव मागवून सर उमाचं पत्र वाचून दाखवत. ऐकायला मी, जोशी मास्तर आणि दारात मांगीलाल.

दिवाळसणाला शालू आली, नवरा आणि सासू बरोबर. दोनच दिवस. मी फराळाचं घेऊन गेले होते. शालू अंगानं उतरली होती, पण पहिल्या वर्षी सगळ्याच उतरतात असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. सासू शेजारी हळदीकुंकवाला गेली तेवढ्या वेळात ती सरांजवळ जाऊन बसली. म्हणाली, "बाबा, मला एक सांगायचंय."

सर उमाच्या पुढच्या पत्राचं टिपण करत होते. त्यांनी मान वर केली ती तिच्या डोक्यावर थापटी मारायला. "सांगू नकोस, लिही. बोललेलं वाऱ्यावर जातं. पत्राच्या कादंबरीत माणसं तोंडानं बोलत नाहीत, काय?"

तिनं त्यांच्या पुढ्यातलं टिपण सारखं केलं. मग म्हणाली, "बरं. लिहिते." मी तिथंच दारात ताट घेऊन उभी होते.

दिवाळी झाली, दप्तरं ग्वाल्हेरला गेली, त्यांच्याबरोबर जावई गेला. आणि उमाची पत्रं बदलू लागली. सर लिहून पाठवायचे, "सासूबाई कडक आहेत." परत यायचं ते असं, "पीठ मळून झालं की सासूबाईंना दोन्ही तळहात उलटसुलट करून दाखवावे लागतात. बोटांना लागलेलं पीठ मोजल्यासारखं बघतात." सर वाचता वाचता थांबले आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघा! हे माझं नाही. पोरीचं आहे. मजकूर माझा, रंग तिचा!" त्यांचा चेहरा असा फुलला होता की आम्हीही वा वा केलं.

मग एका पत्रात उमाला धान्याच्या कोठीत कोंडलं. सरांच्या मजकुरात कोठी नव्हतीच. "बाहेरून कडी लावतात. आत उजेड फक्त फटीतून येतो, एका बोटाएवढा. दुपारी तो भिंतीवरून सरकतो. मी त्यावर बोट ठेवून बसते, म्हणजे संध्याकाळ किती लांब आहे ते समजतं." जोशी मास्तरांनी शेवेची ताटली बाजूला सारली. सरांचा आवाजही भरून आला होता. मग त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि समासात लिहिलं, "उत्तम. पण मागील पत्रातही अंधार आहे. एकदाच ठेव." आणखी खाली, "उमा फार रडते. तिने आवरावे, वाचकाला रडू द्यावे." तो कागद परत हातोदला गेला. पुढच्या शनिवारी शालूनं पत्र पुन्हा स्वच्छ लिहून धाडलं, अंधार काढून टाकलेलं, लाल खुणांचा जुना कागद सोबत टाचून.

त्याच्याबरोबरचं चिटोरं मी मुद्दाम हातात घेऊन बघितलं. "येथील सर्व मंडळी खुशाल." अक्षर तेच, पण सरळ रेघेवर उभं केल्यासारखं. उमाच्या पत्रातलं अक्षर मात्र पानाच्या खाली खाली उतरत गेलेलं. सरांनीच शिकवलेली विद्या होती ती. मी धीर करून म्हटलं, "सर, एकदा हातोदला जाऊन या ना."

"कशाला?"

"सहज. शालूला बघून या."

"मुलीच्या घरी बापानं उठसूट जाऊ नये. मूलबाळ होईपर्यंत तिथलं पाणी पिऊ नये असं आमच्यात आहे. संक्रांतीला बोलावलंय तिला."

संक्रांतीला तिला पाठवलं नाही. सासूच्या गुडघ्याचं कारण आलं. मी पुन्हा विषय काढला, आणि या वेळी स्पष्टच विचारलं, की सर, हे उमाचं आहे की शालूचं? तेव्हा ते माझ्यावर पहिल्यांदा चिडले. "मास्तरीणबाई, तुम्ही गणित शिकवा. कल्पित कोणतं आणि खरं कोणतं, एवढं आम्हाला समजतं. तीस वर्षं हेच करून राहिलोय." सगळ्यांसमोर बोलले. मला राग आला. ठरवलं, जाऊ दे, खामखा आपण कशाला तोंड घालायचं. माझा मान मला एका पोरीपेक्षा मोठा वाटला, हे मी आज लिहून टाकते.

होळीच्या आधीचा शनिवार होता. पत्र आलं. सरांनी नेहमीसारखी पाठ बघितली, घडी बघितली. शालूची घडी ठरलेली असे, कागदाच्या तीन घड्या आणि वरचा कोपरा आत खोचलेला. मग वाचायला लागले. तो मजकूर मला पाठ आहे.

"तीर्थरूप बाबांस उमाचा शिरसाष्टांग नमस्कार. उमाची गोष्ट आता संपवावी म्हणते. तुम्ही ती आषाढापर्यंत चालवणार, पण तेवढी ताकद तिच्यात उरलेली नाही. येत्या सोमवारी सकाळी पहिल्या मोटारीच्या वेळेला ती पाण्याचं निमित्त करून निघेल आणि मोटार थांबते तिथल्या निंबाखाली उभी राहील. तिचे वडील त्या मोटारीनं आले तर त्याच मोटारीनं ती त्यांच्याबरोबर जाईल. सामान काही घ्यायचं नाही. ते आले नाहीत तर ती घरी परत जाणार नाही. कळावे."

जोशी मास्तर म्हणाले, "वा! शेवट आहे बुवा."

सरांनी कागद मेजावर ठेवला आणि टोपी नीट केली. मला वाटलं, आता उठतील. त्यांनी लाल पेन काढलं. "शेवट आहे खरा, पण पोरीनं वार आणि वेळ सांगून सगळं उघडं केलं. वाचकाला टांगून ठेवायला नको?" असं म्हणून त्यांनी "येत्या सोमवारी सकाळी पहिल्या मोटारीच्या वेळेला" यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, "एके दिवशी". समासात लिहिलं, "वार नको. अनिश्चित ठेव. पुन्हा लिहून पाठव." मग कागद जरा लांब धरला. "घाईत श्रीसुद्धा विसरली बघा," म्हणाले, आणि पानाच्या माथ्यावर, मधोमध, अगदी वळणदार लाल श्री काढलं.

मी समोरच बसले होते. श्री काढायच्या आधीचा तो मोकळा माथा मी पाहिला होता. मी म्हटलं, "सर, बिनश्रीचं पत्र..."

"मास्तरीणबाई," ते हसत म्हणाले, "उमा अजून जिवंत आहे. तिला इतक्या लवकर मारायचं नाही मला."

सगळे हसले. मी हसले नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. पण मी उठलेही नाही. रविवार मधे होता. मोटारी चालू होत्या. मी त्या रविवारी पापड लाटले.

मांगीलालनं ते पाकीट शनिवारी दुपारीच पेटीत टाकलं. हातोदची डाक कशी जायची ते नंतर कळलं. थैली सोमवारी सकाळच्या पहिल्या मोटारीवर टाकत. हातोदच्या पोस्टमननं सरांना सगळं सांगितलं. मोटार आली, माणसं उतरली, डाकेची थैली उतरली. चिटणीसांची पोर निंबाखाली कळशी घेऊन उभी होती. सगळी माणसं उतरून गेल्यावरही ती मोटारीच्या दाराकडे बघत होती. पोस्टमन ओळखीचा, त्यानं थैली तिथंच सोडून तिचं पाकीट काढलं. "बेन, थारे बापूजी की चिट्ठी है," म्हणून तिच्या हातात दिलं. त्याला वाटलं, पोरीला आनंद होईल. तिनं तिथंच उभ्या उभ्या वाचलं. मग घडी घातली आणि निघून गेली. घराच्या दिशेनं नव्हे.

बुधवारी माझा तास चालू होता. शेजारच्या वर्गात सर आठवीला शिकवत होते. मांगीलालनं डाक आणली आणि त्यांच्या दारात नुसता उभा राहिला, आत जाईना. त्याच्या हातात कार्ड होतं, कोपरा फाडलेलं. हातोदहून माणूस पाठवला नव्हता, कार्ड टाकलं होतं. सरांनी ते घेतलं. माथ्याकडे बघितलं, फाडलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, आणि मजकूर न वाचताच मेजावर ठेवलं. मजकूर मी वाचला. जुन्या कचेरीतलं गोल, स्वच्छ अक्षर. सौभाग्यवती शालिनी विहिरीवर पाय घसरून निवर्तली, सर्व क्रिया यथासांग केली आहे. एकही चूक नव्हती.

सर हातोदला गेले. पहिल्यांदाच. परत आल्यावर दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि अमीनसाहेबांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. "चिटणीससाहेब, आमच्या घरातला प्रत्येक कागद मी बघतो. तिची तुम्हाला खुशालीची चिठ्ठी मी बघायचो. तिकडे नवऱ्याला लिहिलेली बघायचो. पण तुमच्या बुकाचे कागद मी कधी अडवले नाहीत, पूछताछ करा कुणालाही. एकदोन बघितले, त्यात नुसतं रडगाणं. म्हटलं, कादंबरी आहे, जाऊ दे."

"मीही तेच म्हटलं, मास्तरीणबाई," सर म्हणाले. "कादंबरी आहे, जाऊ दे. तो आणि मी, दोघांनी एकच केलं. तिनं एकच वाट शोधली होती, त्याच्या नजरेतून सुटणारी. ती माझ्याही नजरेतून सुटली."

विहिरीच्या काठावर दगडाखाली एक कागद सापडला होता. सासरच्यांनी तो कादंबरीचाच म्हणून सरांना परत दिला. तेच पत्र, लाल श्रीवालं. तीन घड्या, वरचा कोपरा आत खोचलेला. म्हणजे तिनं ते नीट वाचून मग घडी घातली होती. हे सरांना कुणी सांगायला नको होतं.

जोशी मास्तरांनी आग्रह केला म्हणून पत्रांची चळत घेऊन सर ठाण्यात गेले. मी बरोबर होते. तिथल्या साहेबांनी एकेक कागद सबुरीनं उलटून पाहिला. काही पत्रांबरोबर सरांचे कच्चे मजकूर टाचलेले, बाकी सगळीकडे समासात लाल शाई. "यहां रोना कम करो," असं त्यांनी एका ठिकाणचं स्वतःशीच हिंदी करून वाचलं. मग चळत जुळवून सरांपुढे सरकवली. "मास्टरसाब, बुरा मत मानिए. ये तो आप ही का उपन्यास है." त्या माणसाचा आवाज मऊ होता. त्याचं काही चुकलं नाही. सरांनी कागद उचलले, नमस्कार केला आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. उन्हात.

त्यानंतर लाल पेन दिसलं नाही. मुलींच्या वह्या कोऱ्या परत यायला लागल्या. "शिरसाष्टांग"चं काहीही झालेलं असो, "श्री" कुठंही काढलेलं असो, खाली फक्त निळ्या शाईत सही. इन्स्पेक्शनला हे लक्षात आलं, बोलणी खावी लागली. पुढल्या वर्षी सरांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. राजीनाम्यात दोन चुका होत्या. हेडमास्तरांनी त्या तशाच राहू दिल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला त्या वर्षी. दप्तरं पेट्यांत भरून चालली होती, या वेळी भोपाळला आणि कायमची. माझ्या नवऱ्याचीही बदली तिकडेच झाली होती, म्हणून निरोप घ्यायला गेले. दुपारची वेळ. दार नुसतं लोटलेलं होतं. सर खिडकीशी मांडी घालून बसले होते, पाठ आणखी वाकलेली. पुढ्यात पत्र्याची ट्रंक उघडी होती आणि पाटावर एक कागद पसरलेला. हातात दाढीचं पातं होतं.

ते पात्यानं पानाचा माथा खरवडत होते. एवढंएवढं, श्वास धरून, शाळेत आम्ही रजिस्टरातली चूक खरवडायचो तसं. लाल भुकटी पाटावर सांडली होती. श्रीची जागा घासून घासून पातळ झाली होती आणि एका ठिकाणी कागदाला भोक पडलं होतं. बिनश्रीचं पत्र वाचून झालं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, हे त्यांनीच मला सांगितलेलं. ते हे पत्र चार वर्षं जपून होते.

"या, मास्तरीणबाई," ते म्हणाले. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही, मी रोजच येत असल्यासारखे बोलले. कागदावर फुंकर घालून त्यांनी तो माझ्यापुढे धरला. "आता बरोबर आहे का बघा. चष्म्यातून नीट दिसत नाही. वाचा जरा."

"सर, कशाला आता..."

"वाचा हो. मोठ्यानं."

मी वाचलं. "एके दिवशी"वर आणि त्याखालच्या लाल रेघेवर त्यांनी आधीच पातं फिरवलं होतं, खालची मूळची ओळ पुन्हा दिसत होती, खरचटलेली पण लागत होती. येत्या सोमवारी सकाळी पहिल्या मोटारीच्या वेळेला. निंबाखाली उभी राहील. तिचे वडील त्या मोटारीनं आले तर. मी कागद खाली करू लागले, पण ते मान हलवून पुढे पुढे म्हणत होते. कळावे, म्हणून मी थांबले.

सर ताठ बसले. कागद माझ्या हातातून घेतला, माथ्याकडे बघितलं. तिथं आता काही नव्हतं, भोकातून नुसती खिडकी दिसत होती. त्यांचा चेहरा पांढरा पडला, जसा त्या शनिवारी पडायला हवा होता.

"आज वार कोणता?" त्यांनी विचारलं.

"शनिवार," मी म्हटलं. खरंच शनिवार होता.

"म्हणजे आहे, वेळ आहे अजून." भिंतीचा आधार घेत ते उठायला लागले. "मला हातोदला जायला हवं. लगेच निघायला हवं. माझी टोपी कुठंय?"

मी उठले आणि खुंटीवरची टोपी काढून त्यांच्या हातात दिली.